कटूराची जागा

मम्मी मधोमध उभी राहायला तयार नव्हती.

"आंटी, थोडं इकडे सरका ना," जोनेल कॅमेऱ्यामागून म्हणाली. "अजून जरा. तुमच्या शेजारी बरीच भिंत रिकामी राहतेय."

मम्मीने ऐकल्यासारखं केलं. एक पाय उचलला आणि होता तिथेच परत ठेवला.

लंडनमधल्या रिडली रोडचा शनिवारचा बाजार नुकता भरायला लागला होता. भिंतीच्या समोर फॅरलची गाडी. हिरवी केळी, अळकुड्या, रताळी, आणि त्यामागे लोकरीच्या टोपीतला फॅरल. तो आमच्याच बेटाचा, माँटसेरातचा. मम्मीला त्याने आजवर एकदाही सरळ बोलून केळी विकलेली नाहीत.

"मिस अर्सुला, ऐका त्या पोरीचं," तो ओरडला. "सरकलात तर भिंत पडणार नाही. तुम्ही काही टेकू दिलेला नाही तिला."

"तू तुझी केळी बघ. काळी पडलीत."

"पिकलीत ती. काळे आपण."

जोनेलला हसू आवरेना आणि कॅमेरा हलला. ती तिशीतली, इथेच जन्मलेली. आजी-आजोबा बार्बाडोसचे. आमच्या भागातल्या बेटांवरून आलेल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो ती काढत होती. प्रत्येकाला तिने एकच प्रश्न विचारला होता, या शहरातली कोणती उघड्यावरची जागा तुम्हाला आपली वाटते? तिथे उभं करून फोटो काढायचा, आणि मग ते सगळे फोटो माणसाच्या उंचीएवढे करून बाजाराच्या टोकाला लावायचे. तिथे जुनी इमारत पाडून फ्लॅट होणार आहेत आणि सभोवती फळ्यांचं कुंपण उभं आहे. मला वाटलं होतं मम्मी चर्चच्या पायऱ्या सांगेल. तिने क्षणाचाही विचार न करता ही भिंत सांगितली. फिकट पिवळी, पूर्वीच्या कापडाच्या दुकानाची.

माझ्याकडे एक पांढरा बोर्ड धरायचं काम होतं. फॅरलच्या ताडपत्रीची सावली मम्मीच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडत होती. काळ्या त्वचेवर सावली पडली की कॅमेरा अर्धा चेहरा गिळून टाकतो, म्हणून बोर्डावरून उजेड परतवायचा. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत निवृत्त होईपर्यंत काम केलं. सांगितलेल्या कोनात एखादी वस्तू न हलवता धरणं मला जमतं.

बोर्ड धरून मी मम्मीकडे पाहत होते आणि तिचा उजवा हात माझ्या लक्षात आला. तो अंगाला चिकटलेला नव्हता. कोपर जरा बाहेर, खांदा जरा खाली, जणू त्या हातात कुणीतरी हात अडकवला होता. ही उभं राहायची तऱ्हा मी ओळखली. लहानपणी मी ती रोज पाहत असे.

जोनेल शेवटी दोन पावलं पुढे आली, कॅमेरा उभा केला आणि मम्मीला एकटीला चौकटीत घेतलं. "झालं," ती म्हणाली. "सुंदर दिसताय, आंटी."

"आम्ही दिसतोच," मम्मी म्हणाली.

जोनेलला वाटलं, म्हाताऱ्या बाया स्वतःबद्दल असं बोलतात.

*

मम्मी इंग्लंडला निघाली तेव्हा मी नुकती चालायला लागले होते. वडील तिच्या आधीच गेले होते आणि बर्मिंगहॅममध्ये त्यांनी दुसरा संसार मांडला होता, हे तिला इथे आल्यावर कळलं. मला तिने थोरल्या बहिणीकडे, कटूराकडे, किन्सेल गावात ठेवलं. तेव्हा असंच असे. आधी मोठी माणसं जात, जम बसला की मुलांना बोलावत. मी कटूराला आई म्हणू लागले. तिला ते बरं वाटेना, म्हणून मधला तोडगा निघाला, कटूआई.

निघण्यापूर्वी दोघी बहिणी प्लिमथला, म्हणजे आमच्या राजधानीच्या गावी, स्टुडिओत गेल्या होत्या. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कुठल्यातरी महालाचे खांब. डावीकडे कटूआई, उजवीकडे मम्मी, हातात हात अडकवलेले. प्रत एकच काढली. मम्मी ती बरोबर न्यायला तयार नव्हती. "राहू दे इथेच. मी काय कायमची चाललेय?" तो फोटो आरशाशेजारी लटकत असे. रोज सकाळी कटूआई माझी वेणी घालताना त्यातल्या मम्मीला माझ्या तक्रारी सांगायची. हिने दूध सांडलं. हिने शेळीची दोरी सोडली. माझी आई म्हणजे त्या फोटोतली उजवीकडची बाई, एवढंच मला माहीत होतं.

दहाव्या वर्षी मला लंडनला पाठवलं. विमानतळावर जाड कोटातली एक बाई पुढे आली. चेहरा मी लगेच ओळखला, पण माझी नजर तिच्या शेजारी गेली. तिथे कुणी नव्हतं. मला ती अर्धीच आल्यासारखी वाटली.

पुढे मी शिकले, नोकरीला लागले, आणि त्यानंतर किती तरी वर्षांनी बेटावरचा ज्वालामुखीचा डोंगर फुटला. प्लिमथ राखेखाली गेलं, किन्सेल गेलं. तो सगळा भाग बंद आहे. कटूआई बेटाच्या उत्तरेला एका शाळेत राहायला गेली. घर सोडताना तिने शिवणाचं मशीन तेवढं उचललं. फोनवर मम्मीने विचारलं, "आणि फोटो?"

"मशीन जड होतं गं," कटूआई म्हणाली.

मी वरच्या खोलीतल्या फोनवर ऐकत होते. मग कटूआई म्हणाली, "तू तरी कुठे नेलास?" आणि दोघी हसायला लागल्या.

कटूआई उत्तरेलाच, लाकडी घरात, साध्या तापाने गेली. मम्मीच्या कमरेचं तेव्हाच ऑपरेशन झालं होतं. तिला जाता आलं नाही.

उष्ण राखेचं तापमान मला माहीत आहे. कागद किती उष्णतेला जळतो तेही. मम्मीला मी हे सांगितलेलं नाही. ती अजून म्हणते, "फोटो खाली आहे."

*

जोनेल फोटोची नमुन्याची प्रत घेऊन घरी आली तेव्हा मम्मीने बैठकीची खोली उघडली. त्या खोलीत ती पाहुण्यांशिवाय कुणाला बसू देत नाही, मलाही नाही. विणलेले रुमाल, काचेचे मासे, आणि मखमली कोचावर प्लास्टिक.

फोटो उत्तम होता. निळा रविवारचा कोट, हॅट, कपाळावरची प्रत्येक रेघ. मम्मी मधोमध होती. रिकामी भिंत दोन्ही बाजूंनी जेमतेम बोटभर.

मम्मीने चष्मा लावला, पाहिलं, आणि विचारलं, "कटूरा कुठाय?"

जोनेलने माझ्याकडे पाहिलं. म्हातारं माणूस असंबद्ध बोलायला लागलं की बाकीची माणसं एकमेकांकडे पाहतात, तसं.

"कटूरा कोण, आंटी?"

"माझी बहीण. माझ्या शेजारी होती. तू कापून टाकलीस."

मग मी जोनेलला सांगितलं, स्टुडिओतला फोटो, किन्सेल, राख. सांगताना माझा आवाज प्रयोगशाळेतला अहवाल वाचल्यासारखा येत होता, हे मला जाणवत होतं. जोनेल कोचाच्या कडेवर बसली, प्लास्टिक करकरलं.

"मला बोलला का नाहीत तेव्हा?"

"सरकत नव्हते, ते दिसत नव्हतं तुला?" मम्मी म्हणाली. "फोटो काढणारी तू. बघायचं काम कुणाचं?"

"आंटी, कुंपणाला सगळ्या उभ्या फळ्या आहेत. प्रत्येकाला एक. आडवा फोटो लावायचा तर दोन लागतील. आणि दुसरी फळी कशासाठी, तर नुसत्या भिंतीसाठी? लोक म्हणतील छापायला चुकले." तिने माझ्याकडे बोट केलं. "त्यापेक्षा असं करू. मर्लीनआंटी दिसायला मावशीवर गेल्यात म्हणता ना? पुन्हा काढू. त्यांना शेजारी उभं करू. नाहीतर कॉम्प्युटरवर त्यांच्या चेहऱ्यावरून..."

मी कटूआईवर गेले आहे. तेच कपाळ, तेच रुंद खांदे. मम्मीबरोबर माझा एकटीचा असा एकही फोटो नाही. लग्नांतले आहेत, त्यांत मध्ये कुणीतरी असतं. जोनेल बोलली आणि मी खुर्चीत सरळ बसले, इतकी की मलाच ते कळलं. मी हो म्हणणार होते.

"हिला माझ्या शेजारी उभं करायला कॉम्प्युटर कशाला?" मम्मी म्हणाली. "ही रोज असते. मीठ कमी खा, गोळी घेतली का, डोकं पिकवते माझं. हिची जागा हिच्याकडे आहे. फोटोतली ती कटूराची आहे."

मी पुन्हा मागे टेकले.

"आणि भिंत नुसती नाही," मम्मी पुढे म्हणाली. ती जोनेलशी बोलत होती, पण पाहत होती काचेच्या माशांकडे. "तेव्हा शनिवारी आपली सगळी माणसं त्या भिंतीपाशी उभी राहायची. बेटावरून कुणी नवीन आलं की आधी तिथे आणायचे. कोटसुद्धा नसायचा अंगात, कुडकुडत उभे. घरच्यांची खबर तिथेच मिळायची. कटूरा वर्षाने येणार होती. ठरलं होतं आमचं. मी दर शनिवारी तिथे जायची. वर्ष झालं, दोन झाली. मी जागा धरून ठेवायची शेजारी. कुणी उभं राहिलं तर म्हणायची, सरका हो, माझी बहीण येतेय."

"मग आल्या नाहीत त्या?"

"कशी येणार? तिच्याकडे लहान पोर होतं ना."

खोलीत ते लहान पोर बसलं होतं, चौसष्ट वर्षांचं. मम्मीने माझ्याकडे पाहिलं नाही. तिच्या बोलण्यात राग नव्हता. हवामान सांगावं तसं तिने सांगितलं. मी या घरात पाऊल टाकल्यापासून ती मला हे कधीही सांगू शकली असती.

"मग मर्लीनआंटी इकडे आल्यावर तरी?"

"तोवर आमची आई आंधळी झाली होती. मग शेळ्या. मग कटूरालाच आपलं घर सोडवेना." मम्मीने फोटो उचलला, बाहीने पुसला आणि जोनेलच्या मांडीवर ठेवला. "चांगला काढलायस. तुला ठेव. पण तिच्याशिवाय लावणार असशील तर माझा लावूच नकोस."

*

मी जोनेलला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले.

"छपाई लगेच आहे," ती म्हणाली. "मी शब्द नाही देऊ शकत."

"मला समजतं."

"तुम्हाला पटतं हे सगळं? तुम्ही तर सायन्सवाल्या."

मी तिला मेलेल्यांच्या ताटाबद्दल सांगितलं. आमच्याकडे नाताळ, लग्न, बारसं, काहीही असलं तरी आदल्या दिवशी बैठकीच्या खोलीत एक टेबल मांडतात. बकऱ्याचा लवंगा घातलेला रस्सा, कसावाच्या कंदाची भाकरी, रमचा पेला. दार लावून घेतात. गेलेली माणसं जेवली असं धरलं की मग बाकीच्यांनी जेवायचं. मम्मी लंडनमध्ये अजून ते करते. ताटातला रस्सा कमी होत नाही, मी पाहिलेलं आहे. पण ते टेबल मांडलं नाही असंही एकदा झालेलं नाही, आणि गेली काही वर्षं भांडी मीच काढून देते.

"माझी आजी असलं काही करायची नाही," जोनेल म्हणाली. बस आली तरी ती चढली नाही. "की करायची, आणि मला सांगायचं राहिलं?"

दुसरी बस येईपर्यंत आम्ही तिथे उभ्या होतो.

त्यानंतर तिचा फोन आला नाही. मम्मीने विचारलं नाही. पण टेलिफोन वाजला की ती हातातलं सोडून बघायची, आणि मी "औषधाच्या दुकानातून" म्हटलं की पुन्हा मटार सोलायला लागायची. तिची हॅट दाराजवळच्या खुंटीवर होती, ती तिने डब्यात घालून कपाटावर ठेवून दिली.

जोनेल आली ती न सांगता, काखेत लॅपटॉप घेऊन, धापा टाकत.

"मला एक मोकळी फळी सापडली," ती म्हणाली. "प्रदर्शनाचं नाव, माझं नाव, काय, कशासाठी, सगळं जिच्यावर लिहायचं होतं ती. तीच काढून टाकते. तसंही ते कोण वाचतं."

"तुझं नाव कुठे येणार मग?" मी विचारलं.

"खाली कोपऱ्यात. बारीक." तिने लॅपटॉप उघडला. "पहिले दोन-तीन फोटो मी लांबून काढले होते, आंटी सरकत नव्हत्या तेव्हाचे. आडवे. हा बघा."

पडद्यावर पिवळी भिंत होती, उजवीकडे मम्मी, कोपर जरा बाहेर, आणि तिच्या शेजारी उजेड. तो मी धरलेल्या बोर्डावरून परतलेला उजेड होता. मम्मीच्या चेहऱ्यापर्यंत जाताना तो त्या मोकळ्या जागेवरही पडला होता. भिंत तेवढ्यात जास्त पिवळी दिसत होती.

अगदी डाव्या कडेला बोर्डाचा पांढरा कोपरा आला होता आणि तो धरलेली चार बोटं. माझी.

"हे पुसून टाकते," जोनेल घाईने म्हणाली. "लगेच होतं."

"थांब," मम्मी म्हणाली.

तिने खुर्ची पुढे ओढली. चष्म्यातून पाहिलं, मग चष्मा काढून पाहिलं. पडद्यावर तिचं बोट डोक्यापासून निघालं, कोपरावरून आडवं गेलं, मोकळ्या भिंतीवरून सावकाश सरकलं आणि माझ्या बोटांपाशी येऊन थांबलं.

"हात राहू दे," ती म्हणाली.

"पण तो चुकून आलाय, आंटी."

"चुकून कसा? कटूराच्या पलीकडे ती असायचीच."

जोनेलने लॅपटॉप मिटला. मी चहा ठेवायला आत गेले आणि पाणी उकळून गेलं तरी तशीच उभी राहिले.

*

फोटो लागले तो शनिवार ढगाळ होता आणि चांगलाच गार. कुंपणाच्या फळ्यांवर रांगेने आपली माणसं उभी होती. बसथांब्यावर, कालव्याच्या काठावर, लाँड्रीच्या दारात, पार्कातल्या बाकावर. शेवटच्या दोन फळ्या मम्मीच्या.

फॅरलने त्या दिवशी गाडी कुंपणासमोर लावली होती; त्याने आपली खुर्ची मम्मीला बाहेर काढून दिली आणि मला एक खोकं. "मिस अर्सुला, बाकी सगळे एका फळीत मावले. तुम्हालाच दोन? घरभाडं भरणार आहात का?"

"बहीण आहे सोबत."

फॅरल काहीतरी बोलणार होता. त्याने फोटोकडे पाहिलं आणि टोपी काढली. "मिस कटूरा," तो म्हणाला. "माझी शाळेची चड्डी तिने शिवली होती. एक पाय आखूड."

"तुझाच आखूड असेल."

लोक येत होते, आपापल्या म्हाताऱ्यांसमोर उभं राहून फोनवर फोटो काढत होते. काही वेळाने दोन मुली मम्मीच्या शेजारच्या मोकळ्या जागेत जाऊन उभ्या राहिल्या, मान वाकडी करून हसल्या, फोटो काढला, गेल्या. मग एक बाप लेकराला खांद्यावर घेऊन. जागा माणसाएवढी होती, कुणालाही तिथे उभं राहावंसं वाटत होतं. मी मम्मीकडे पाहिलं. मला वाटलं ती आता म्हणेल, सरका हो. मी जाऊन सांगायला उठलेही.

"बस," मम्मी म्हणाली. "फोटो काढतात आणि जातात. ती वैतागणार नाही. तिला माणसं आवडायची."

दुपारी एक थोराड बाई आली, दोन्ही हातांत बाजाराच्या पिशव्या. तिने फोटोकडे पाहिलंसुद्धा नाही. पिशव्या खाली ठेवल्या, त्या मोकळ्या जागेला पाठ टेकली आणि डोळे मिटले. बराच वेळ ती तशीच होती. मग तिचा फोन वाजला आणि ती पिशव्या उचलून निघाली.

"आता जा," मम्मी मला म्हणाली. तिने पायाशी ठेवलेल्या पिशवीतून डबा काढला. रस्सा अजून गरम होता, लवंगेचा वास फॅरलपर्यंत गेला आणि त्याने मान वळवली. शेजारी फडक्यात कसावाची भाकरी. "खाली ठेव. पेला नको, कुणीतरी पळवेल."

"मीच पळवेन," फॅरल म्हणाला.

मी फळीपाशी गेले. गुडघे पूर्वीसारखे वाकत नाहीत. डबा आणि भाकरी खाली ठेवली, झाकण काढलं, आणि उठताना आधाराला हात फळीवर टेकला. माझा हात पिवळ्या भिंतीवर पडला, मम्मीचा कोट आणि माझी छापलेली बोटं यांच्या मधोमध.

जागा ऊबदार होती.

मी दुसरा हात मम्मीच्या कोटावर ठेवून पाहिला. गार. शेजारच्या फळीवर, गार. पुन्हा मध्ये, ऊबदार. ती बाई आत्ताच तिथे टेकली होती. लाकूड उष्णता हळू सोडतं. दोन-तीन मिनिटं, फार तर.

"मर्लीन," मागून मम्मीचा आवाज आला. "तिच्या अंगावर भार देऊ नकोस. तिची पाठ दुखते."

"हो, मम्मी," मी म्हटलं.

हात मी लगेच काढला नाही.